अंगठा दे, कॉम्प्रेशन बघू

दुकानाशेजारच्या काकांचा फोन आला तेव्हा मी आधीच वैतागलेली होते. पोह्यांच्या डब्यात हात घातला तर हाताला तेलकट पिस्टन लागला होता. आदल्या दिवशी काढून टाकलेला, जुना. आज घरी येऊ देत, बघतेच यांच्याकडं, असं मनात चाललेलं. काका म्हणाले, "वैनी, बसवराज अण्णा गल्ल्यावरच कोसळलेत, उमरग्याला दवाखान्यात नेलंय, लगीच निघा." मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. भांडण तसंच राहिलं...

मुरुमच्या पेठेत आमचं कापडाचं दुकान, पण यांचा जीव माझ्या सासऱ्यांच्या जुन्या मोटारसायकलीत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी भाकरी थापत होते आणि अंगणातून हाक आली, "अगं, अंगठा दे जरा." प्लग काढलेल्या भोकावर मी अंगठा दाबून धरायचा, यांनी किक मारायची. आतली हवा अंगठा किती जोरात उडवते, त्यावरून इंजिनाचं कॉम्प्रेशन कळायचं. पुढं ते मोजायचं मीटर घरात आलं, तरी यांचा भरवसा माझ्या पिठाच्या अंगठ्यावरच. तव्यावरची भाकरी करपायची. मला राग यायचा, आणि बरंही वाटायचं.

दोनेक वर्षांपूर्वी यांनी मनावर घेतलं, गाडी पळाली पाहिजे. व्हॉल्व्हची उघडझाप करणारा कॅमचा दांडा कुठून तरी शर्यतीच्या गाडीचा आणला, पिस्टन मात्र जुनाच ठेवला. मी अंगठा धरला, तर नुसती फुंकर. "जोर न्हाय हो," मी म्हणाले. "लई शहाणी," म्हणून हसले. त्याच गाडीवर आम्ही माझ्या माहेरी, तामलवाडीला निघालो. मी इरकल नेसून मागं बसलेली. नळदुर्गच्या चढाला गाडीनं दम सोडला आणि माहेरच्या दारात आम्ही टेम्पोतून उतरलो, गाडीसकट. भाऊ अजून हसतो.

मग यांचा अभ्यास सुरू. या कॅममुळं व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, इंजिन हळू फिरताना आत आलेली हवा थोडी मागं निघून जाते, मग उरलेली घट्ट दाबायला पिस्टनही उंच डोक्याचा पाहिजे. एक बदलायचं आणि दुसरं जुनं ठेवायचं, तर गाडी ना इकडची ना तिकडची. जेवताना हेच, झोपताना हेच. "जुना कॅम परत घाला की, गाडी निमूट चालंल," मी शंभरदा सांगितलं. "पुन्हा टेम्पोतून नेऊ व्हय तुला?" एवढंच उत्तर. शेवटी उंच पिस्टन मिळाला, बसवला. दुसऱ्या दिवशी, काकांचा फोन आला त्याच सकाळी, अंगठा दे म्हणाले, पण दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून यांनीच संध्याकाळवर ढकललं...

आता मेकॅनिक म्हणतो, जुना कॅम परत बसवून देतो. दीर म्हणतात, विकून मोकळ्या व्हा. सगळ्यांना घाई, आणि जमलं की नाही हे बघायचं कुणालाच पडलेलं नाही. खरं तर राग मला यांचाच येतो. इतका हट्ट केला, मग एक किक मारायला थांबायचं होतं.

परवा राहवलं नाही. प्लग काढला, पदर खोचला, वाकून भोकावर अंगठा दाबला आणि पायानं किक हाणली. अंगठा असा उडाला की कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. "जमलं हो," मी वळून म्हणाले. अंगणात कुणी नव्हतं.

अंगठ्यावर भोकाचा काळा गोल उमटला होता. पीठ मळायचं राहिलं होतं, पण हात धुवावेसे वाटेनात.