दाराआडून वाचलेली बातमी

माझ्या ऱ्हस्वदीर्घाबद्दल आधीच माफी मागते. अक्षर तर कोंबडीच्या पायांचं आहे. चौथीनंतर हातात लेखणी कमी आणि खराटा जास्त आला. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागून ठेवलेली बरी, म्हणजे पुढे मोकळेपणी चुकता येतं.

सत्तर सालच्या पुढची दोन-तीन वर्षं. आम्ही श्रीगोंद्याच्या बाजूला राहत होतो. घरात सासरे, म्हणजे मामंजी, माझे मालक आणि मी. मालक एसटीत कंडक्टर. येताना पेपर आणत आणि जेवले की आडवे होत. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून वाचायचं माझ्याकडे आलं. सुनेनं सासऱ्यासमोर बोलायचं नाही ही घरची रीत. पण वाचणं, आणि पेपराबद्दल विचारलं तर सांगणं, म्हणजे बोलणं नव्हे, असं मामंजींनीच ठरवलं. मी चुलीच्या खोलीत दाराआड बसून वाचायची, ते ओसरीवर ऐकायचे.

तेव्हा पेपरात नव्या साखर कारखान्याच्याच बातम्या असत. शेअर, कॅपिटल, लोन, डिव्हिडंड. मला एकही शब्द कळत नसे. मामंजी कधी अर्थ विचारत नसत, म्हणून त्यांनाही कळत नसावेत असं मी धरून चालले होते.

शब्द सांगायला शेजारच्या बाई होत्या. मिशनच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. रोज सकाळी माझ्याकडे दुधाला येत. म्हैस माझी, वडिलांनी मला दिलेली, आणि दुधाचे पैसे तेवढे माझ्या हातचे. किटली भरेपर्यंत एक शब्द समजावून होई. शेअर म्हणजे कारखान्यातला वाटा. कॅपिटल म्हणजे धंद्यात घातलेला मूळ पैसा. मी म्हटलं, मग म्हैस कॅपिटल आणि दूध डिव्हिडंड. बाई म्हणाल्या, बरोबर, फक्त शेण कशात धरायचं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

मग एका बाजाराला मामंजींनी म्हैस विकली आणि कारखान्याचा शेअर घेतला. घरात एक सभासद वाढला, गोठ्यात खुंटा राहिला. मला कुणी विचारलं नाही. मी बोलतच नव्हते तर विचारणार काय. दुसऱ्या दिवशी बाई सवयीनं किटली घेऊन आल्या. मी झालेलं सांगितलं. बाईंनी रिकाम्या किटलीवर झाकण लावलं आणि त्या दिवशीचा शब्द सांगितला: लोन.

संध्याकाळी बाजारभाव वाचून झाले. मी त्याच सुरात पुढे वाचलं, "तालुक्यातील एका सभासदाने सुनेच्या कॅपिटलवर शेअर घेतल्याचे समजते. अशी रक्कम लोन धरली जाते व हप्त्याने फेडावी लागते."

ओसरीवरचं तंबाखू मळणं थांबलं.

"गावाचं नाव दिलंय का?"

"न्हाई."

"सभासदाचं?"

"तेबी न्हाई."

"मंग बरं हाय."

अंथरुणातून मालक म्हणाले, "ही बातमी मला कशी दिसली न्हाई?"

"तू निस्ता पेपर वाहून आनतो," मामंजी म्हणाले.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनीच विचारलं, त्या सभासदाचं पुढं काय झालं. सभासद विचार करीत आहे, असं मी वाचलं. मग ते म्हणाले, "इंटरेस्ट किती लावलंय त्याला?"

हा शब्द मी त्यांना अजून वाचून दाखवला नव्हता.

"माफ केल्याचं छापलंय," मी म्हटलं.

त्यानंतर आमच्या उसाच्या गुळाचे पैसे आले की मामंजी थोडे उंबऱ्यावर ठेवत आणि शेताकडे जात. मी ते मिठाच्या बरणीमागे ठेवी. एका वर्षी गूळ पडेल भावात गेला, तेव्हा उंबऱ्यावर काही आलं नाही. त्या संध्याकाळी मी, सभासदास मुदतवाढ मिळाली, असं वाचलं. ओसरीवरून मामंजींचा हुंकार आला.

शेवटचे पैसे त्यांनी तंबाखूच्या चंचीतून काढून ठेवले आणि म्हणाले, "मोजून घे. उद्याच्या पेपरात येऊ दे."

दुसऱ्या दिवशी मी बाजारभावाच्या आधीच वाचलं, "सभासदाने लोन पूर्ण फेडले."

"आता तरी नाव दिलंय का?"

"दिलंय," मी म्हटलं. "पन मला घेता येत न्हाई."

मामंजी हसले की खोकले ते दाराआडून कळलं नाही. पैसे मात्र पूर्ण फिटले होते.