नववी ब चा सोमवार

रविवारी दुपारी जेवणं आटोपून त्रिशला मगदूम टेबलावरच शाईपेन घेऊन नववी ब चं साप्ताहिक नियोजन लिहायला बसली आहे. सोमवार, पॅसिव्ह व्हॉइस. मंगळवार, पत्रलेखन. डोळे मिटू मिटू होतात. ही नववी ब मुळात तिची नव्हेच. चौगुले सर दिवाळीच्या सुट्टीत हार्ट अटॅकनं गेले आणि त्यांचा इंग्रजीचा वर्ग, निम्म्याहून जास्त राहिलेल्या पुस्तकासकट, तिच्या गळ्यात पडला. शुक्रवारी चाचणी आहे. मुख्याध्यापक येता-जाता विचारतात, "पोर्शन कुठवर आला?" ती क्षणभर डोकं टेकते.

टेबलापलीकडे चौगुले सर वांगी निवडत उभे आहेत. घरात आठवडी बाजार भरलाय याचं तिला नवल वाटत नाही. नुसता राग येतो.

"सर, तुम्ही इथं वांगी घेताय? आणि मी तिकडं तुमचं उरलेलं उपसत बसलीय!"

"देठाचे काटे बघून घ्यावीत मॅडम. ताजी असतात."

"एकेका धड्यावर महिना घालवायचा असतो का? नियोजन म्हणून काही असतं की नाही?"

"असतं की. दर शनिवारी लिहून द्यायचो." सर हसतात. "तसं व्हायचं नाही, एवढंच."

ताडपत्रीखाली आता बाकं आहेत. भाजीच्या पाट्यांमधून नववी ब माना खाली घालून बसलीय. त्रिशला फळ्यावर लिहिते, पण खडू उमटतच नाही.

"बघा तुमची पोरं! प्रश्न विचारला तर एकाच्या तोंडातून शब्द फुटेल तर शपथ."

"माझ्या तासाला लई बोलायची. आवरावी लागायची."

"मग आता काय झालं?"

"तुम्ही विचारलं का त्यांना?"

"कधी विचारू? शोकसभा संपली आणि पुढच्याच तासाला मी नवा धडा काढला. वेळ होता कुठं?"

सर पिशवी उचलून चालू लागतात. ती मागं धावते, तर समोर एस.टी. स्टँड, आणि सर गाडीच्या पायरीवर.

"थांबा! असं अर्ध्यात सोडून जातं का कुणी? इतकी वर्षं शेजारी बसून डबा खाल्ला, आणि जाताना एक शब्द नाही!" तिचा आवाज फाटतो. बोलायचं होतं पोर्शनचं, निघालं भलतंच.

सर खिडकीतून वाकतात. "तुम्ही तरी कुठं कुणाजवळ बोललात, मॅडम?"

गाडी हलते.

"आई, ए आई! ऊठ ना!" लेक तिला हलवतेय.

त्रिशला मान वर करते, तसा कागदही गालाबरोबर उचलला जातो. ती तो सोडवते. गाल ओला आहे. आसवांनी शाई फुटून सोमवारचा सगळा रकाना निळा डाग झालाय, आणि त्यातली चार अक्षरं उलटी होऊन तिच्या गालावर उमटलीत.

लेक ओढणीचं टोक ओलं करून आणते. "पुसू?"

"गालावरचं पूस," त्रिशला म्हणते. "कागदावरचं राहू दे."