देव्हाऱ्यातल्या सुपाऱ्या

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठला आरोपी कुठल्या ठाण्यातला, हे बायकोला माझ्यापेक्षा जास्त आठवतं. ही एक केस मात्र जशीच्या तशी आठवते. मी तेव्हा बंगळूरमध्ये इन्स्पेक्टर होतो, निवृत्ती जवळ आली होती. मूळचा मी निपाणीच्या बाजूचा. घरात मराठी, नोकरी कर्नाटक पोलिसांची. त्यामुळे मराठी माणसाची तक्रार आली की हाताखालची मंडळी हमखास म्हणायची, "सार, तुमचे लोक आलेत."

त्या दिवशी आलेले 'माझे लोक' मल्लेश्वरमचे होते. सत्तरीचे गृहस्थ, सरकारी कचेरीतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही तसंच म्हणतो. घरातल्या देव्हाऱ्यातून देवीची सोन्याच्या पुतळ्यांची माळ आणि चांदीचे तीन टाक गेले होते. टाक म्हणजे कुलदैवतांचे ठसे उठवलेले छोटे पत्रे. एक भवानीचा, एक खंडोबाचा आणि एक घराण्यातल्या वीराचा, म्हणजे लढाईत पडलेल्या पूर्वजाचा.

मी स्वतः पंचनाम्याला गेलो. घरात तिघंच राहत होते: अण्णा, त्यांच्या पत्नी आणि अण्णांचा धाकटा भाऊ. भाऊ विधुर होता आणि त्याची मुलगी कोरमंगलाला पीजीमध्ये राहून शिकत होती. कुलूप तुटलेलं नव्हतं, खिडकीचे गज शाबूत होते. देव्हाऱ्यात टाकांच्या जागी तांदळाच्या तीन चिमटींवर तीन सुपाऱ्या ठेवलेल्या दिसल्या. देवाची जागा रिकामी ठेवायची नसते म्हणून घरच्यांनी ठेवल्या असतील, असं मी धरून चाललो. माझ्या आईनंही तेच केलं असतं.

"साहेब, स्वल्प बसा. कॉफी घेऊन जा," अण्णा म्हणाले. "सोन्याचं काही नाही. पण तो वीर साडेतीनशे वर्षं आमच्या घरात आहे. तो परत यायला पाहिजे."

त्यांचा पूर्वज मराठी फौजेबरोबर इकडे आला तो परत गेलाच नाही. हॉलमध्ये तलवार टांगलेली, तिच्याखाली घरातल्या वकील, प्राध्यापक, अधिकाऱ्यांचे फोटो. आमचा हेड कॉन्स्टेबल त्या घरात शिरताना टोपी सारखी करत होता. मराठी समाजाच्या वसतिगृहाच्या दारातल्या देणगीदारांच्या शिळेवर पहिलं नाव या घराण्याचं आहे. पण पोलिसाची नजर वाईट असते. भिंतीला ओल आली होती, पंखा नुसताच आवाज करत होता, आणि कॉफी तीन वेगवेगळ्या घाटांच्या पेल्यांतून आली. बडा घर पोकळ वासा म्हणतात तसं ते घर झालं होतं, आणि मला त्याचं वाईट वाटलं.

खबर चार-पाच दिवसांनी आली. पेठेतल्या सराफ गल्लीत आमचा एक खबरी होता. तो म्हणाला, "सार, अमुक गाळ्यातल्या गलाईवाल्याच्या घरी नवे देव आलेत. गेल्या आठवड्यात नव्हते."

गलाईवाले म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणारे. हेही माझेच लोक, सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या बाजूचे. तिकडच्या दुष्काळाला कंटाळून यांचे आजे हातात चिमटा आणि धातू वितळवायची मूस घेऊन देशभर पांगले. याचा आजा बंगळूरला उतरला. नातवाला आता पस्तिशी लागली होती. जन्म इथला, कन्नड माझ्याहून चांगलं, दोन गाळे, दारात गाडी. अण्णांचं घर त्यानं विकत घेतलं असतं, इतका पैसा. पण मल्लेश्वरममध्ये भाड्यानं घर बघायला गेला तेव्हा "भट्टीवाल्यांना देत नाही" असं उत्तर मिळालं होतं. शहरात कुठेही सोनं चोरीला गेलं की आम्ही पोलीस पहिली जीप याच गल्लीत घालतो. अण्णांच्या घरात टोपी सारखी करणारा आमचा हेड कॉन्स्टेबल इथे गाळ्यात शिरताना काठीनं शटर वाजवायचा. अण्णा आणि हा, दोघंही मराठी, दोघंही बाहेरून आलेले. एक आधी आला आणि एक नंतर, एवढाच काय तो फरक.

घराची झडती घेतली. देव्हाऱ्यात त्याच्या जोतिबाशेजारी अण्णांच्या घरचे भवानी आणि खंडोबा बसलेले होते. ताजं हळदकुंकू, ताजी फुलं. वीराचा टाक मात्र तिथे नव्हता. तो बाजूला फळीवर एका वाटीत, तांदळात ठेवून वर स्वच्छ फडकं झाकलेलं होतं. सोन्याची माळ त्यानं वितळवली होती, हे त्यानं लगेच कबूल केलं. मालाची पावती केलेली नव्हती.

आमचा पीएसआय खूश झाला. तरुण पोरगा, आनेकलच्या शेतकरी घरातला, कामाला वाघ. "सार, मुद्देमाल सापडला, पावती नाही, कबुली आहे. अटक दाखवू या." चोरीचा माल घेतल्याची कलमं त्याला तोंडपाठ होती.

मी म्हटलं, थांब. हा माणूस चांदी वितळवून पोट भरतो. टाक मुशीत घातले असते तर पुरावाच उरला नसता. ज्याला लपवायचंय तो चोरीचे देव फुलं वाहून समोर मांडेल का? आणि वीर वेगळा का ठेवला, हे मराठी घरातल्या माणसाला सांगावं लागत नाही. दुसऱ्याच्या घरचा पूर्वज आपल्या देव्हाऱ्यात पुजायचा नसतो. म्हणजे हे देव परत जायचे आहेत, असं धरूनच त्यानं ते सांभाळले होते.

दुसऱ्या दिवशी त्याला चौकशीला बोलावलं. सकाळी यायचं, संध्याकाळी घरी जायचं. तो वेळेवर आला आणि बाकावर पाठ ताठ करून बसला. मी मराठीत सुरुवात केली.

"टाक का वितळवले नाहीत?"

"देव मुशीत घालत न्हाई आम्ही, साहेब. आज्यानं घालून दिलेली रीत हाय."

"माल कोणी आणून दिला?"

गप्प.

"बाई होती की बाप्या?"

गप्प. पीएसआयनं आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, शेवटी प्यायला पाणीही दिलं. काही उपयोग झाला नाही. चोरटा गप्प बसतो तेव्हा त्याची नजर दाराकडे असते. हा खाली मान घालून बसायचा. दया यावी आणि रागही यावा, असं त्याचं ते गप्प बसणं होतं.

बाहेर प्रकरण वाढत होतं. गल्लीतले पंधरा-वीस गलाईवाले ठाण्याच्या आवारात येऊन उभे राहिले होते. मला वाटलं सोडवायला आलेत. तसं नव्हतं. त्यांचा म्होरक्या आत येऊन म्हणाला, "साहेब, यानं चोरीचे देव घेतले असतील तर आमी याला मंडळातनं काढतो. एकापायी सगळ्या गल्लीला चोर म्हणत्यात. उद्या आमच्याकडं कोण माल दील?" या लोकांत अडल्यानडल्याला मंडळ धावतं. कुणाच्या घरात आजारपण निघालं तर संध्याकाळपर्यंत मदत गोळा होते, मागणाऱ्याला लाज नाही आणि देणाऱ्याला मिजास नाही. त्यातून बाहेर पडलेल्या माणसाला या धंद्यात उभं राहायला जागाच नसते. हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं, तरी तो बोलेना.

दुसऱ्या संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. मल्लेश्वरमच्या घराण्याच्या ओळखी वरपर्यंत होत्या. "देव सापडलेत, माणूस सापडलाय, मग अडलंय कुठे?" मी म्हटलं, उद्या सकाळपर्यंत निर्णय घेतो. मग त्याला घरी जायला सांगितलं आणि हेही सांगितलं, की उद्या वकील घेऊन ये, अटक करावी लागणार.

तो उठला. दारापर्यंत गेला आणि मागे वळला.

"साहेब, एक विचारू? त्यांच्या देव्हाऱ्यात सुपाऱ्या ठेवल्यात न्हवं? जागा मोकळी न्हाई ना ऱ्हायली?"

मी म्हटलं, "ठेवल्यात." तो हुश्श करून निघून गेला.

तो गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उद्या अटक व्हायचीय आणि हा काळजी करतोय ती दुसऱ्याच्या देव्हाऱ्याची. पण 'ठेवल्यात न्हवं?' हे त्यानं आपणच सांगून ठेवल्यासारखं विचारलं होतं. यानंच माल आणणाऱ्याला सांगितलं असणार, की देव न्यायचे तर जागेवर सुपारी ठेव. आणि त्या माणसानं ती ठेवली. बाहेरून आलेला चोर देव्हाऱ्यात तांदळाची चिमूट टाकून सुपारी मांडत बसेल का?

सकाळी साध्या कपड्यांत, एकटाच मल्लेश्वरमला गेलो. तिघांनाही हॉलमध्ये बसवलं आणि एकच प्रश्न विचारला. "देव्हाऱ्यात सुपाऱ्या कोणी ठेवल्या?"

अण्णांच्या पत्नी म्हणाल्या, "यांनीच."

अण्णा म्हणाले, "मी? मला वाटलं तू."

मग दोघांनीही धाकट्याकडे पाहिलं. तो आधीच उभा राहिला होता.

त्याची हकिगत छोटी होती. स्वतःचा छापखाना बंद पडल्यापासून त्याच्या हाती काही उरलं नव्हतं. मुलीचं शेवटचं वर्ष होतं, फी भरायची मुदत संपत आली होती. समाजाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज त्यानं आणलाही होता. अण्णांनी तो फाडून टाकला होता. "आपलं नाव देणाऱ्यांच्या शिळेवर आहे. मागणाऱ्यांच्या रांगेत आपण उभं राहायचं नाही." देवीची माळ म्हणजे घरातलं शेवटचं सोनं. मिळेल तेवढं मिळू दे म्हणून त्यानं टाकही बरोबर नेले. टाक नसल्याचं अण्णांच्या लक्षात आलं आणि ते तडक ठाण्यात आले. त्यानंतर भावाला तोंड उघडायचा धीर झाला नाही.

"अण्णा, त्या पोरानं टाकांचे पैसे दिले, पण टाक वितळवले नाहीत," तो रडत म्हणाला. "म्हणाला, तुमच्या सवडीनं परत न्या. तोवर माझ्या घरी राहतील."

अण्णा उठले. पायांत चपला सरकवल्या आणि भावाला म्हणाले, "चल."

आम्ही ठाण्यात पोचलो तेव्हा गलाईवाला वकिलासह बाकावर बसलेला होता. आवारात त्याच्या गल्लीतली माणसं होतीच. मी त्याला आत घेतलं आणि म्हटलं, "सगळं कळलंय. आता तरी सांग, बोलला का नाहीस?"

"त्यांनी गाळ्यात येताना चपला भाईर काढल्या, साहेब," तो म्हणाला. "आमच्या भट्टीवर कोण चपला काढतंय? म्हणाले, आमचं नाव तेवढं सांभाळा. मी व्हय म्हटलं. त्यांच्याकडं आता नावच ऱ्हायलंय. आमचं काय, आमी मिळवून खातो. आमाला तर लोक आधीपासनंच चोर म्हणत्यात."

मी इतक्या वर्षांत बऱ्याच जणांचे जबाब घेतले. हा ऐकताना मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

कायद्याच्या दृष्टीनं आता सोपं होतं. एकत्र कुटुंबाचा माल घरातल्याच माणसानं नेला होता. तक्रारदाराचा पुरवणी जबाब घ्यायचा, टाक त्यांच्या घरी परत द्यायचे, कोर्टात 'बी' रिपोर्ट पाठवायचा, म्हणजे गुन्हा घडलेलाच नाही असं कळवून केस बंद करायची. अण्णांनी सही केली. मग माझ्या जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, तेवढं त्या मुलाला सांगा. बाहेर कुठे बोलू नको म्हणावं."

मला राग आला आणि मी तो लपवला नाही. "अण्णा, न बोलण्यासाठीच तो इतका वेळ इथे बसला होता. बाहेर त्याचे लोक त्याला मंडळातून काढायला उभे आहेत."

"कशासाठी?"

"तुमचे देव चोरल्याबद्दल."

अण्णांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. सत्तर वर्षं ज्या माणसानं कुणाचं देणं ठेवलं नाही, तो आज भट्टीवरच्या पोराचं देणं लागत होता, आणि ते पैशात फिटणारं नव्हतं. मग ते ताडताड बाहेर गेले. ठाण्याच्या पायरीवर उभे राहिले. आवारात गलाईवाले, पानवाले, आमचे शिपाई, बसस्टॉपवरची चार माणसं. अण्णांनी घराण्याच्या नावासकट स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं आणि आधी कन्नडमध्ये, मग मराठीत, मोठ्यानं म्हणाले:

"चोरी झालेली नाही. आमच्याच घरच्यानं देव नेले. आम्हाला अडचण होती. ह्या मुलानं ते सांभाळले, पुजले आणि आमची अब्रू राखायला तो स्वतः चोर ठरला. त्याला कोणी काही म्हणायचं नाही. म्हणायचं असेल तर मला म्हणा."

गलाईवाला माझ्या मागे उभा होता. तो पुटपुटला, "कशाला बोलले अण्णा, कशाला बोलले." आणि ढसाढसा रडायला लागला. सकाळपासून ताठ बसलेला गडी, त्याला शेवटी म्होरक्यानं खांद्याला धरून बाहेर नेलं.

त्यानंतर मी जितके दिवस नोकरीत होतो, सोन्याच्या चोरीचा तपास सराफ गल्लीपासून सुरू करू दिला नाही. पीएसआय कुरकुरायचा, मग सवय झाली. माणूस किती वर्षांपूर्वी आला आणि कुठल्या दारानं आला, यावर आपण त्याची पत ठरवतो. मीही ठरवत आलो होतो, आणि पोलिसाला तर त्याचा पगारच मिळतो. या केसनं एवढं शिकवलं, की एकाकडे पैसा नव्हता आणि दुसऱ्याकडे नाव नव्हतं, पण शरम दोघांकडे सारखीच होती.

रिपोर्टात मी लिहिलं, 'काहीही चोरीस गेले नाही.' ते खरंच होतं; जे गेलं ते चोरीला गेलं नव्हतं, दिलेलं होतं. त्या घराचं साडेतीनशे वर्षांचं नाव अण्णांनी त्या दिवशी पायरीवर उभं राहून सगळ्यांदेखत दिलं, आणि ज्या गलाईवाल्याला दिलं त्याच्याकडे ते कधीच नव्हतं.