ऋषीच्या नावे खपवलेला श्लोक

श्रीगजाननाला, वाणीच्या अधिष्ठात्री शारदेला आणि आमच्या अमरावतीच्या अंबामातेला वंदन करून हे लिहावयास बसलो आहे. आज श्रावणी. सकाळी नवे यज्ञोपवीत धारण केले आणि ऋषितर्पण केले. एकेका ऋषीचे नाव उच्चारून ओंजळीतले पाणी सोडायचे. ज्यांनी शब्द दिले त्यांचे ऋण अशा रीतीने मान्य करायचे, असा हा विधी. यंदा नावे उच्चारताना माझा स्वर अडखळला. ते वयामुळे नव्हे. कशामुळे, ते आजच्या दिवशीच सांगणे मला योग्य वाटते.

माझा एक विद्यार्थी राष्ट्रीय संरक्षण प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ आहे. मूळचा तिवशाकडचा, शेतकरी घरातला. अमरावतीला शिकायला राहिला असताना माझ्या ओसरीवर बसून संस्कृत शिकला. छंदाची त्याला विलक्षण गोडी. अनुष्टुभाची अक्षरे बोटांच्या पेरांवर मोजीत तो तासन्‌तास बसे. पुढे धातुशास्त्र शिकून दूरच्या शहरी नोकरीस लागला. कामाविषयी फारसे बोलत नसे. तशी मुभाच नव्हती. फाटकापाशी फोन जमा करून आत जायचे आणि बाहेर येताना आतले आतच ठेवून यायचे, असा तिथला नियम. मला ठाऊक होते ते इतकेच, की अतिवेगाने आकाशात जाणाऱ्या यंत्राचे नाक हवेच्या घर्षणाने तापते आणि ते वितळू नये म्हणून त्यावर द्यावयाचा लेप तो शोधीत होता. भुकटी दळायची, पत्र्यावर बसवायची, भट्टीत घालायची. तडा गेला की पुन्हा पहिल्यापासून. त्यात त्याची उमेदीची वर्षे गेली.

“आमच्या इथं देव भट्टीत राह्यते, गुरुजी,” तो हसून म्हणे, “आन रोज कोपते.”

मला ते तपच वाटे. मंत्रसिद्धीसाठी पुरश्चरण करणाऱ्यात आणि त्याच्यात मी कधी भेद केला नाही.

गेल्या हिवाळ्यात तो अचानक आला. माझ्या पत्नीने त्याच्या आवडीचे कढीगोळे केले होते, पण त्याचे जेवणात लक्ष नव्हते.

“काय रे, गोळे कच्चे राहिले का?” तिने विचारले.

“नाई काकू. गोळे मस्त हायेत. लेप पक्का झाला, तेच दुखणं हाय.”

पत्रा अखेर भट्टीतून अभंग निघाला होता. पुढची मोठी चाचणी व्हायची तर वरून मंजुरी हवी होती, आणि यंदा प्राचीन ज्ञानात मूळ असलेल्या कामांना आधी मंजुरी, असे वरिष्ठांनी त्याला सांगितले होते.

“साहेब म्हणते, एखादा श्लोक जोडा. लेपाले ऋषी पाहिजे.”

“लेपाला ऋषी कशाला?”

“लेपाले नाई लागत, गुरुजी. मंजुरीले लागते. तुमच्या पोथ्याईत असंलच ना कुठं तरी. तांबं, राख, अग्नी, काई बी चालते.”

त्याच्या समाधानासाठी मी दोन दिवस रसशास्त्राचे ग्रंथ चाळले. त्यांत भस्मे आहेत, पाऱ्याचे संस्कार आहेत. ते सारे मनुष्याच्या देहव्याधींसाठी. आकाशातल्या यंत्राच्या नाकासाठी तेथे काही नाही. तसे मी त्याला स्पष्ट सांगितले. “ऋषींनी जे सांगितले तेच आपल्याला पेलत नाही. जे सांगितले नाही ते त्यांच्या माथी का मारायचे?” तो नमस्कार करून गेला.

पत्नी मात्र बोलली. “एका श्लोकाने तुमचे काय जाणार होते? लोकांच्या नातवंडांच्या बारशाला रचून देताच की.”

“बारशाच्या श्लोकाखाली मी माझे नाव घालतो,” मी म्हणालो. ती पदर खोचून आत गेली.

वैशाखात अकोल्याहून निमंत्रण आले. प्रयोगशाळेनेच आता जाहीर केलेल्या लेपाच्या कामासाठी वऱ्हाडचा सुपुत्र म्हणून माझ्या विद्यार्थ्याचा जुन्या शहरातल्या एका सभागृहात सत्कार होता आणि गुरू म्हणून मी व्यासपीठावर बसावे, अशी संयोजकांची इच्छा होती. अकोल्याचे वैशाखातले ऊन मी काय वर्णावे! मोरणा नदीचा पूल ओलांडेपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी आली. सभागृहामागच्या खोलीत मला मठ्ठा देऊन विद्यार्थ्याने दार लोटून घेतले.

“गुरुजी, आता बाहेर श्लोक वाचतीन. ऋषीच्या नावानं.” तो जमिनीकडे पाहत होता. “तो मीच रचला. तुमीच शिकवलेल्या छंदात.”

मी पेला खाली ठेवला.

“मंजुरी भेटली, गुरुजी. भट्टी चालू हाय. तुमी आज काई बोलले, तं ते इझली म्हणून समजा.”

“आणि मी गप्प राहिलो तर?”

“तं लेप तरी वाचंल. लेप तं खरा हाय ना, गुरुजी?”

लेप खरा होता. त्याची वर्षे खरी होती. गप्प राहावे, असेच मी त्या खोलीतून बाहेर पडताना ठरवले होते.

सूत्रसंचालकाने श्लोक वाचला. भरदार आवाज, शुद्ध उच्चार. रचना निर्दोष होती. त्या निर्दोषपणाचीच मला लाज वाटली. पुढच्या रांगेत एक वृद्ध बाई बसल्या होत्या. ऋषीचे नाव ऐकताच त्यांनी डोळे मिटले आणि जोडलेले हात कपाळाला लावले. देवापुढे लावतात तसे. माझ्या विद्यार्थ्याच्या असत्याला तो नमस्कार पोहोचताना मी पाहिला आणि मग मला बसवेना.

ध्वनिक्षेपकापाशी जाऊन मी म्हणालो, “हा लेप या शास्त्रज्ञाच्या श्रमाचे फळ आहे आणि त्याला माझा नमस्कार. परंतु हा श्लोक कोणत्याही ऋषीचा नाही. तो आजच्या काळात, इथेच, आपल्या वऱ्हाडात रचला गेला आहे.”

मग सूत्रसंचालकाने माझ्या खांद्यावर हात ठेवून ध्वनिक्षेपक आपल्याकडे ओढला.

“पाहा मंडळी, काय ही नम्रता! आणि गुरुजींनी जाता जाता केवढं गुपित उघडं केलं! म्हणजे त्या ऋषींचा आश्रम आपल्या वऱ्हाडातच होता! टाळ्या!”

सभागृह दणाणून गेले. कोणीतरी “बोला, वऱ्हाडभूमी की” असे ओरडले, बाकीच्यांनी “जय” म्हटले. मी पुन्हा बोलू लागलो, तोवर माझ्या खांद्यांवर शाल आणि हातात नारळ आला होता. माझा विद्यार्थीही टाळ्या वाजवीत होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ऋषींचा आश्रम वऱ्हाडात असल्याचे माझ्या छायाचित्रासह छापून आले.

एवढ्या अपमानातही एका गोष्टीने मला धीर दिला. माझे बोलणे कोणी ऐकलेच नव्हते, तेव्हा त्याची भट्टी शाबूत होती.

आषाढात तो पुन्हा आला. अंगावर नवा कोट.

“भट्टी दुसऱ्याले देली, गुरुजी.”

“मंजुरी रद्द झाली?”

“नाई ना. मले बढती देली. प्राचीन ज्ञानाचा नवा कक्ष काढला, त्याचा प्रमुख केलं. धातू बी समजते आन संस्कृत बी येते, असा मी एकटाच, म्हणते.”

“आणि चाचणी?”

“ज्याले भट्टी देली त्याच्या भुकट्या येगळ्या. माये पत्रे कपाटात हायेत.” तो हसला, ते हसू मला पाहवले नाही. “लेप कोणाले पाहिजे होता, गुरुजी? श्लोक पाहिजे होता.”

मग त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. जहाजांना गंज चढू नये म्हणून कुठेतरी काम चालू होते आणि त्यासाठी त्याने नवा श्लोक रचला होता.

“येवढा छंद पाहून द्या. अक्षर इकडचं तिकडं झालं तं जाणते लोकं हासतीन.”

मी तो न उघडता परत दिला. “हसू देत,” म्हणालो.

तो निघताना वाकला. नेहमीचा आशीर्वाद माझ्या ओठांवर येईना. “भट्टीकडे परत जा,” एवढेच म्हणू शकलो.

“आता तिकडं जाता येत नाई,” तो म्हणाला. गळ्यातले ओळखपत्र त्याने कोटाच्या आत सारले. “त्या दाराची परवानगी काढून घेतली माई.”

वाचकहो, तुमच्या घरातल्या चुलीवर रोज अन्न शिजो आणि ते शिजवणाऱ्या हातांना यश मिळो. तुमच्या मुलाबाळांनी श्रमाने जे घडवले, ते त्यांच्याच नावाने ओळखले जावो. त्यासाठी त्यांना कोणा ऋषीची सही उसनी आणण्याची वेळ न येवो. अंबामाता तुमच्या कुटुंबाचे, गोठ्यातल्या जनावरांचे आणि तुमच्या वाणीचे रक्षण करो. शुभं भवतु.