देवाच्या आडून दिलेला नकार

मी चौथीत असताना टायफॉइडने मरता मरता वाचले. ताप उतरत नव्हता तेव्हा आई उशाशी बसून रडत म्हणाली, "वाचू दे माझ्या लेकीला, देवा. तुलाच देईन तिला. मठात सिस्टर करीन." मी डोळे मिटून पडले होते, पण ते शब्द मला ऐकू आले. पुढे कितीतरी वर्षं मी त्याबद्दल कुणाशीच बोलले नाही, आईशीही नाही.

आमचं गाव दिंद्रुडच्या पलीकडे. गावात कॅथलिक घरं तीन, बाकी भावकी बौद्ध. एकाच आज्याची नातवंडं, काही विहारात जाणारी, काही चर्चमध्ये. वडील आसपासच्या वस्त्यांवर प्रार्थना घेत फिरायचे. पाचवीपासून त्यांनी मला सिस्टरांच्या बोर्डिंगात घातलं. तिथे ओल्या फडक्याने पुसलेली गार फरशी होती, प्रत्येकीला वेगळी खाट होती आणि कुणी कुणावर ओरडत नव्हतं. थोरली बहीण तोवर सासरी गेली होती. नाताळाला माहेरी यायची तेव्हा आधीच्या वर्षापेक्षा वाळलेली असायची आणि नवऱ्याचा फोन वाजला की हातातलं ताट खाली ठेवून उठायची. मला सिस्टर व्हायचं होतं ते देवासाठी की त्या गार फरशीसाठी, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

नर्सिंग करून मी बीडला एका खाजगी दवाखान्यात लागले. रविवारी चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला, तीस-चाळीस माणसं असायची. नंतर ओसरीवर चहा व्हायचा आणि तिथेच त्याची ओळख झाली. मूळचा चकलांब्याचा. दवाखान्यासमोरच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचा. बोलायचा कमी. चहा झाल्यावर सगळ्यांचे कप गोळा करून स्वतः विसळून ठेवायचा. पुरुषाने कप विसळलेले मी तोवर पाहिले नव्हते.

वर्षभराने एका शनिवारी मी गावी निघाले होते. तो एसटी स्टँडवर आला आणि गाडी लागायच्या आत घाईघाईने म्हणाला, "तुमची हरकत नसंल तर घरी बोलणं करायला आईला पाठवतो."

मी म्हणाले, "मला सिस्टर व्हायचंय." मग थोडं थांबून, "बहुतेक."

तो हसला. "बहुतेक म्हणताय, तर इचार करा. मी थांबतो."

तो तीन वर्षं थांबला. हे लिहिताना आजही लाज वाटते. नाताळ होऊ दे, मग सांगते. ईस्टरआधीचा उपासकाळ संपू दे. वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे. खरं सांगायचं तर मला ते दिवस आवडायचे. रविवारी तो दिसायचा, आठवडाभर त्याचा विचार सोबत असायचा आणि मला काहीच सोडावं लागत नव्हतं. त्याची आई दोनदा मुली बघून आली. दोन्ही वेळा तो नाही म्हणाला, हे मला लॅबमधल्या बाईंकडून कळलं. मला त्याची दया यायला हवी होती. मला आनंद झाला.

आमचे फादर केरळचे होते, पुस्तकातली शुद्ध मराठी बोलायचे. त्यांच्याकडे मी सल्ल्याला जायचे. ते म्हणाले, "दोन्ही मार्ग देवाचेच आहेत. संसार हा दुय्यम मार्ग आहे असे कधीही समजू नकोस. पण भीतीपोटी निवडू नकोस."

तेव्हा मी पहिल्यांदा आईच्या नवसाबद्दल कुणाला तरी सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "आईशी बोललीस का?"

"हो, फादर."

"काय म्हणाली?"

"देवाची इच्छा, म्हणाली."

दोन्ही वाक्यं खोटी होती. फादरांनी विषय तिथेच सोडला, याचं मला बरं वाटलं.

शेवटी त्यानेच विषय काढला. मिस्सा संपल्यावर सगळे पांगले होते. तो म्हणाला, "आई थकली आता. मला एवढंच सांगा. तुमी देवाला हो म्हणताय, का मला न्हाई म्हणताय?"

सरळ प्रश्न होता. 'मला संसाराची भीती वाटते' एवढं मी म्हणाले असते तरी त्याने ऐकून घेतलं असतं. तो ऐकून घेणारा होता. पण मी नवसाची गोष्ट सांगितली. लहानपणीच देवाला दिलेली आहे मी, माझ्या हातात काही नाही, असं म्हणाले.

त्याने पायात चपला सरकवल्या. "मग देवाच्या आड मी कसा येऊ?" म्हणाला आणि गेला. त्या दिवशी त्याने कप विसळले नाहीत.

दोन महिन्यांनी मी सिस्टरांच्या मठात उमेदवार म्हणून गेले. तिथे अकरा महिने राहिले. काम मनापासून केलं, प्रार्थनेला कधी उशीर केला नाही. आमच्यावर देखरेख करणाऱ्या सिस्टर सत्तरीच्या होत्या. एकदा आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. त्यांनी सहज विचारलं, "प्रार्थनेला बसतेस तेव्हा काय मागतेस गं?"

"योग्य निर्णय होऊ दे, असं मागते."

"आता तर आलीस. मग अजून कसला निर्णय?"

मी रडायला लागले. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "घरी जा. ज्यांच्याशी बोलायचं राहिलंय त्यांच्याशी बोल. परत यावंसं वाटलं तर दार उघडं आहे. नाही वाटलं तर त्यात पाप नाही."

घरी गेले तेव्हा आई चुलीपुढे भाकरी थापत होती. मी तिला पहिल्यांदा नवसाबद्दल विचारलं. तिला आठवेना. मग आठवलं, आणि ती हसली.

"अगं, तू बरी झालीस त्याच वर्षी मी तवाच्या फादरला इचारलं व्हतं. ते मनले, दुसऱ्याचा जीव नवसाला चालत न्हाई, माउली. तुझ्या लेकीचं ती ठरवील. मी तवाच मोकळी झालते."

"मला सांगितलं का नाही?"

"तू कधी इचारलंस? मला वाटलं तुझ्या मनानंच सिस्टर व्हायलीस. लई अभिमान वाटायचा मला."

मग तिने फळीवरची, वडिलांना चर्चच्या ओळखीतून आलेली लग्नपत्रिका दाखवली. त्याचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं.

त्यानंतर मी जे केलं, त्याचा पस्तावा मला सगळ्यात जास्त आहे. मी दुसऱ्याच दिवशी बीडला गेले आणि लॅबमध्ये जाऊन त्याला सगळं सांगितलं. नवस कधीच सुटला होता. मी घाबरत होते, तुम्हाला नाही, संसाराला. तो रक्ताच्या नळ्या मशीनमध्ये लावत होता. सगळ्या लावून होईपर्यंत त्याने वर पाहिलं नाही.

"हे आता काहून सांगायलात?" तो म्हणाला.

माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून, एवढंच खरं उत्तर होतं.

"तुमी गेल्यावर चार महिने मी मिस्साला आलो न्हाई. देवावर रुसलो व्हतो. मग वाटलं, देवानंच मागितलं तर त्यात कुणाचा काय दोष. तसं म्हणून सावरलो. आता मी काय म्हणून सावरू?"

त्याचं लग्न झालं. मी गेले नाही. मठातही परत गेले नाही. सिस्टरांना पत्र लिहून आभार मानले. स्थळं आली. दोन चांगली होती. पण तोवर मला माझ्याच होकाराचा भरवसा उरला नव्हता. आता चाळिशी उलटली. त्याच दवाखान्यात आहे, खोली स्वतःची आहे. फरशी गार आहे, पण तिच्यावर पाऊल ठेवताना लहानपणीसारखं काही वाटत नाही.

लग्नानंतर वर्ष-दीड वर्षाने त्याची बायको बाळंतपणाला आमच्या दवाखान्यातच आली होती. ड्यूटी माझी होती. सात तास तिने माझं मनगट धरून ठेवलं. मुलगी झाली. बाळाला दुपट्यात गुंडाळून मीच बाहेर नेलं. तो थर्मास घेऊन बाकावर बसला होता.

"बायको बरी हाय ना?" त्याने आधी तेच विचारलं.

"बरी आहे. मुलगी झाली."

त्याने बाळ घेतलं. मानेला मी खालून आधार दिला. लॅबमधल्या त्या दिवसानंतर आमचं झालेलं बोलणं एवढंच. घरी जाताना त्याच्या बायकोने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि विचारलं, "हे सांगतात, तुमी मठात गेलत्या म्हणून. मग ऱ्हायल्या न्हाई का?"

तिला त्याने याहून जास्त काही सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "नाही जमलं," आणि टाके कोरडे कसे ठेवायचे ते तिला समजावू लागले.