बाबांनी लावलेलं गेट

मागच्या महिन्यात न्यूझीलंडच्या सेंट्रल ओटॅगोमध्ये माझ्या सासऱ्यांनी मेंढ्यांचा एक अख्खा कळप अडवून ठेवला... आणि वर मेंढ्यांनाच बेशिस्त म्हणाले. आमच्या घरात या प्रसंगाच्या आता तीन आवृत्त्या फिरतायत, म्हणून खरी काय ती लिहून टाकते.

आधी बाबांबद्दल. बाबा म्हणजे माझ्या नवऱ्याचे, निनादचे वडील. राहणार कोथरूड, सोसायटीचे वर्षानुवर्षांचे चेअरमन. मी नाशिकची, त्यामुळे या पुणेरी शिस्तीशी माझी गाठ लग्नानंतरच पडली.

सासूबाई गेल्या, तेव्हा आम्ही बाबांना इकडे ऑकलंडला, अल्बनीतल्या आमच्या घरी घेऊन आलो. आता इथेच राहा म्हणून मागे लागलो. पण मी दिवसभर फार्मसीत, निनाद ऑफिसमध्ये, आणि बाबा सोफ्यावर. भांड्यांना हात लावला की मी लगेच, "बाबा, राहू द्या हो, तुम्ही आराम करा." आणि रोज जेवताना त्यांचं एकच पालुपद... "माझं इथे काय काम? तिकीट काढा, मी जातो."

त्यांचं मन रमावं म्हणून शेवटचा उपाय ही ओटॅगोतली सायकल ट्रिप. न्यूझीलंड म्हणजे हिरवंगार असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथे जरूर यावं. उघडेबोडके तपकिरी डोंगर, खडक, धूळ आणि टाळकं तापवणारं ऊन... वाळवंटच म्हणा ना. बाबांनी एकदा चहूकडे पाहिलं. म्हणाले, "हे बघायला इतक्या लांब आलो? आपल्या माणदेशात काय कमी आहे?"

तर आम्ही तीन ई-बाइक भाड्याने घेतल्या. दुकानातल्या मुलीने ब्रेक, बॅटरी सगळं समजावलं. शेवटी म्हणाली, ट्रेल शेतांमधून जातो, वाटेत गेट्स लागतील. उघडं असेल ते उघडंच ठेवा, बंद असेल ते परत बंद करा. आम्ही तिघांनीही शहाण्यासारख्या माना डोलावल्या.

पण चेअरमनसाहेबांच्या मते उघडं गेट म्हणजे कुणीतरी विसरलंय! "मी मागे राहतो, मागे एक जबाबदार माणूस हवा," म्हणाले आणि एक सताड उघडं गेट दिसताच उतरून त्यांनी ते लावलं. साखळी अडकवली, दोनदा ओढूनही पाहिली. आम्ही दोघं पुढे, आम्हाला पत्ताच नाही.

पुढे एका झाडाखाली आम्ही तिघं धपाटे काढतोय, तोच मागून कुत्र्यांचं भुंकणं आणि एका बाईचा खणखणीत आवाज. परत जाऊन बघतो तर धुळीचा लोट! पलीकडून मेंढ्या पाण्याकडे आणायच्या होत्या, त्यासाठीच ते गेट उघडं ठेवलेलं. पुढच्या मेंढ्या गेटवर आदळल्या, मागच्या त्यांच्यावर, आणि मग सगळा कळप उधळून डोंगरभर पांगला.

शेतमालकीण बाई साठीच्या पुढची, एकटी, सोबत दोन कुत्री. तिने विचारलं, गेट कोणी लावलं? ही बाई आता बाबांना चार शब्द सुनावणार, आणि रात्री बाबा बॅग भरणार... संपलं सगळं.

मी आणि निनाद एका सुरात "सॉरी, सॉरी" करत होतो. बाबा मात्र ताठ पुढे झाले. "मॅडम, आय क्लोज्ड इट. इट वॉज ओपन!" मग डोंगराकडे बघून मला मराठीत, "काय ही बेशिस्त!"

बाईने त्यांना नीट न्याहाळलं. म्हणाली, वाट अडवायला तुम्हाला छान जमतं. तिथे कुंपण पडलंय, त्या खिंडारात उभे राहा आणि एकीलाही जाऊ देऊ नका.

एवढं ऊन, सत्तरी ओलांडलेला माणूस. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही सावलीत बसा, मी उभी राहते." बाबा म्हणाले, "तू गप!" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

आणि मग जे काही झालं... अहाहा! आम्ही डोंगरावर मेंढ्यांमागे धावतोय, निनाद काटेरी झुडपात पडून ट्रॅक पँट फाडून घेतोय, आणि खाली खिंडारात बाबा दोन्ही हात पसरून उभे. "ए, कुठे चाललीस? मागे हो! मागे हो म्हटलं ना!" जन्मात मराठी न ऐकलेल्या ओटॅगोच्या मेंढ्या मुकाट मागे वळत होत्या. कोथरूडच्या सभासदांनी त्यांचं इतकं कधी ऐकलं नसेल.

ऊन कलता कलता शेवटची मेंढी आत गेली. बाईने फ्लास्कमधला चहा दिला, बाबांना "स्वीट अ‍ॅज!" म्हणाली, म्हणजे इथल्या भाषेत 'एकदम झकास'. मग सहज विचारलं, सोमवारी दुसरा कळप हलवायचाय, माणूस कमी आहे, येणार का? मला वाटलं, बाबा हसून सोडून देतील. बाबांनी विचारलं, "व्हॉट टाइम?"

सोमवारी आम्हाला ड्युटी. आम्ही दोघं रविवारी ऑकलंडला परतलो आणि बाबा तिथेच मोटेलमध्ये राहिले. अल्बनीत कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायलाही एकटे न जाणारे बाबा!

बुधवारी आले ते नाक लाल, बूट शेणाने माखलेले, अंगाला मेंढ्यांचा घमघमाट. जेवताना तिकिटाचं नावही नाही. शेवटी न राहवून मीच विचारलं. म्हणाले, "आत्ता कसं जाणार? पुढच्या महिन्यात लोकर कातरायचीय. तिच्याकडे माणसं कुठायत?"

मी उठून किचनमध्ये गेले आणि नळ सोडून चक्क रडले. आराम करा, आराम करा म्हणत आम्ही या माणसाच्या हातातलं सगळं काढून घेतलं होतं. ज्या बाईची त्यांनी पंचाईत केली, तिने एका दुपारी त्यांना काम दिलं. तिचे आभार कसे मानू, कळत नाही.

बाबा पुढच्या आठवड्यात परत ओटॅगोला निघालेत. आम्हाला बोलावलेलं नाही.