शिवलेल्या लोणच्याची बरणी

सातवीच्या वर्गात टेबलावरच्या काचेच्या बरणीतून ऊन आरपार जातं आणि भिंतीवर पिवळा, तेलकट उजेड हलतो. ही बरणी माझ्या धाकट्या बहिणीने, सुमनने, भरून घेतली होती. ती इथे शिकवायची. पाळीत शिवलं की लोणचं नासतं, असं मुली तिला सांगत. तिने व्याख्यान दिलं नाही. वर्गातच कैऱ्या फोडल्या, आणि पाळी चालू असलेली रेश्मा आपणहून पुढे आली, तेव्हा कालवायचं काम तिलाच दिलं. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत सुमन वारली.

आज झाकण उघडायला मुलींनी मला बोलावलं. आत बुरशी निघाली असती, तर आपला हात नासका असं रेश्माने जन्मभर मानलं असतं.

"थांबा मावशी, देवाचं नाव घेते," ती म्हणाली.

"देवाचं राहू दे, मीठ नीट घातलं होतंस ना?" शेजारची मंगल म्हणाली. वर्ग हसला.

झाकण निघालं आणि मोहरीचा झणका नाकात गेला. वर तेलाचा नितळ थर होता. रेश्माने फोड तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि टाळीच वाजवली.

मी जन्मभर पुस्तकांवर विसंबले. पण काही भीती जिभेलाच पटवावी लागते, हे सुमनला कळलं होतं. कित्येक दिवसांनी मला तिच्या आठवणीने रडू न येता तिचा नुसता अभिमान वाटला.

"मावशी, डब्यात थोडं द्या. आईला वाढणार आहे," रेश्मा म्हणाली.

"कोणी कालवलं ते जेवण झाल्यावर सांग हं," मंगल म्हणाली.

"छे! आधी सांगणार, मग वाढणार."